बांधावरची खुर्ची

म्हातारी माझ्या पाया पडली. माझ्या आईच्या वयाची. बांधावर, सगळ्यांदेखत. "लेकरा, मारू नगं. कुठं अंगठा देऊ सांग," म्हनली. मी तिला बोटसुदिक लावलं नव्हतं. नुस्ता खुर्चीवर बसलो हुतो.

तेच माझं काम. बसायचं.

खून केला हुता मी. शिक्षा भोगून सुटलो. पेपरात फोटो आलेला, इंदापूरपास्नं बारामतीपतुर समद्यांना माझं तोंड पाठ. लोणी देवकरला कारखान्याच्या गेटवर ठेकेदारानं नाव ऐकलं न् हातच जोडले. "भाऊ, तुमी नगा. मानसं पळतील माझी." मार्केट यार्डात हमालीला गेलो, तितंबी तीच गत. घरी बायको म्हनायची, "पोरीच्या ताटात काय वाढू? तुमचं नाव?"

मग तात्यांनी बोलावलं. जमिनी घेनारं-इकनारं मोठं प्रस्थ. सुटलो तवा ह्यांनीच हार घालून जीपमधनं मिरवलेलं. म्हनले, "हात हलवू नगं. रान घ्यायला जाऊ तितं खुर्ची टाकून बस. पुढचं आपोआप हुतंय." पोटात आग हुती. बसलो.

आज म्हातारी पायाशी पडली न् तात्या खो खो हसले. "बघा, आमचं बुजगावनं कसं चालतंय!" सोबतची मानसंबी हसली. आरं थू! कोर्टात शिक्षा ऐकली तवाबी मला एवढी लाज वाटली नव्हती. जेलात कैदी हुतो, पर मानूस हुतो.

उठलो. खुर्ची मिटली, जीपमधी फेकली. म्हनलो, "आजी, अंगठा देऊ नगा." तिला उठवायला वाकलो तर ती किंचाळून मागं सरकली.

तात्या म्हनले, "उपाशी मरशील. तुला कोन इचारतंय?"

"मरीन. बसनार न्हाय."

चालत घरी आलो. बायकोनं डबा उघडून दावला. डब्यात पीठ न्हाय. उद्या परत गेटवर जाईन, परत हाकलतील, ठावं हाय मला. तात्याबी गप बसायचे न्हाईत, खुर्चीवर दुसरा कुनी आनून बसवतील. बसवू द्या. म्हातारीचा अंगठा धाकानं घेतला तर तहसील कचेरीत साक्ष द्यायला मी जानार. सायेब नाव इचारतील. ज्या नावाला समदे भ्यात्यात, तेच सांगनार. बापाच्या नावासकट, पुरं.