अंदाजाने वाचायचं नाही

आमची सगुणा आत्या सारसोळ्याची. माझ्या बाबांची, हिरामण यांची, धाकटी बहीण. होडी बाबांची, मासळी विकायची हिने. नेरुळच्या सोसायट्यांमध्ये ती घरपोच मासळी देते.

वाचायला शिकली ती पन्नाशीत, तेही एका फजितीमुळे. ए-विंगची बोंबलांची पिशवी तिने बी-विंगच्या शुद्ध शाकाहारी घराच्या दाराला अडकवली. काय तो तमाशा! वॉचमनने महिनाभर तिला गेटच्या आत घेतलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. आत्या वही घेऊन माझ्यासमोर बसली, "रंजे, शिकव." अक्षरं, आकडे, ए-बी-सी, सगळं शिकवलं, पण चिडून चिडून. काही गाळलं की मी ओरडायचे, "अंदाजाने वाचू नकोस!"

आता मी ऐरोलीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणून घरातला बिघडलेला रिमोटसुद्धा माझ्याच गळ्यात. गेल्या शुक्रवारी बाबांच्या होडीच्या परवान्याचा अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस, पाचपर्यंत. परवाना नाही तर होडी काठाला बांधलेली आणि आत्याची टोपली रिकामी. साडेतीनला लॅपटॉप उघडला. ॲड्रेस बारमध्ये दोन अक्षरं टाकली, पुढचं त्यानेच भरलं, एंटर मारलं. समोर आलं: अर्जाची मुदत संपली.

डोकंच फिरलं माझं. ब्राउझरची कॅश साफ केली, लॅपटॉप बंद-चालू केला, वायफाय सोडून मोबाइलचं नेट जोडलं. फोनवर बघितलं, तिथेही तेच. "यांची साइटच भंगार आहे," मी जाहीर केलं. बाबा ओट्यावर जाऊन बसले. मला रडू यायला लागलं.

आत्या मच्छीमार सोसायटीची, अर्जाच्या साइटचा पत्ता छापलेली नोटीस घेऊन माझ्या खांद्याशी आली. एकदा कागदावर बोट, एकदा स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर. ओठ हलत होते.

"आत्या, प्लीज. आधीच टेन्शन आहे."

"थांब गो. कागदावर शेवटाला पंचवीस हाय. तुज्या पट्टीवर चोवीस हाय."

खरंच की! मागच्या वर्षीचा अर्ज मीच भरला होता. तो पत्ता बारने लक्षात ठेवला होता, आणि दोन अक्षरं पडली की तोच पुढे करत होता. फोनवर माझंच खातं, म्हणून तिथेही तोच. पट्टीवर काय लिहिलंय ते मी एकदाही वाचलं नव्हतं.

जुना पत्ता यादीतून पुसला. नोटिशीवरचा पत्ता आत्याने एकेक अक्षर करून सांगितला, मी टाइप केला. अर्ज उघडला. पाचला दहा कमी असताना पावती आली. बाबा आत येऊन ती दोनदा बघून गेले.

"आत्या, तुला दिसलं कसं गं?"

"दिसलं कसलं, वाचलं," टोपली उचलता उचलता ती म्हणाली. "तू वरडायचीस ना! अंदाजाने वाचायला मला अजून तुजी भीती वाटते."