सरूबाईच्या हातचा हुरडा

परवा बीडच्या रस्त्यावर हुरड्याच्या आगटीचा धूर नाकात गेला आणि मी गाडी न थांबवता पुढं गेले. मला हुरडा आवडत नाही, असं घरी सगळ्यांना वाटतं.

पंधरा वर्षांपूर्वी मी नेकनूरकडच्या एका वस्तीवर एचआयव्हीचं काम करायचे. शिवल्यानं, हातचं खाल्ल्यानं हा आजार होत नाही, हे मी बायकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. तरी लागण झालेल्या सरूबाईच्या हातचं कुणी खाईना. मग मीच बैठक तिच्या शेतात ठेवली.

बायका आल्या, पण आगटीपासून लांब बसल्या. सरूबाईनं गरम कणीस तळहातांत चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि हिरवे दाणे माझ्यापुढं धरले.

"घ्या ताई, गरम हाय तवर खावा."

तिच्या तळहातावर एक कोरडी भेग होती. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. घाबरण्यासारखं काही नाही, हे मला पाठ होतं. तरी माझा हात मांडीवरून उठेना. एखाद्या श्वासाइतकाच वेळ गेला असेल. मग मी दाणे घेतले, तोंडात टाकले आणि हसून म्हणाले, "लई गोड हाय!"

एक म्हातारी पुढं सरकली. "मला बी दे गं, सरू." मग बाकीच्याही सरकल्या. बैठक यशस्वी झाली, असं मी अहवालात लिहिलं.

सरूबाईनं त्यांच्या ओंजळीत दाणे ओतले. मला द्यायचे दुसरे मूठभर दाणे मात्र तिनं कागदावर ठेवले, आणि कागद हळूच माझ्याकडं सरकवला.