तक्रार न देणारी घरं

ती दारं मला आजही आठवतात. हुबळीतल्या उणकलच्या तळ्यापलीकडच्या नव्या वस्तीतली, पॉलिश केलेली, पितळी कडीची चांगली दारं. आणि त्यांच्यावर खडूनं काढलेली एकच खूण, एक गोल आणि त्याच्या मधोमध एक उभी रेघ. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोकंही फोडून घेतलं. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. हे प्रकरण तेवढं वेगळं राहिलं, आणि गंमत म्हणजे त्यात शेवटपर्यंत गुन्हाच सापडला नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच गल्ल्यांतून फिरतात, म्हणून नावं देत नाही.

माझी निवृत्ती जवळ आली होती. हुबळीतल्या एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. त्या दिवसांत लॅमिंग्टन रोडजवळच्या एका थिएटरात एक परदेशी सिनेमा कन्नडमध्ये डब होऊन लागला होता. चित्रकादंबरीवरून काढलेला, म्हणजे मोठ्या माणसांसाठी चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीवरून, असं मला समजावण्यात आलं. गोष्ट अशी: पुढच्या काळातलं एक शहर. तिथल्या सरकारला एकटं राहणारं माणूस खपत नाही. घरात दुसरं कुणी नाही म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणी नाही, म्हणजे ते धोक्याचं. एक करडी गाडी गल्लीगल्लीतून फिरते, एकट्या माणसाच्या दारावर गोल आणि रेघ काढून जाते, आणि मग केव्हातरी ते घर रिकामं दिसतं. शेवटी त्या शहरातले सगळेच लोक आपापल्या दारावर ती खूण काढतात. गाडीवाल्यांना कळेनासं होतं की यातलं एकटं कोण.

हा शेवट पोरांनी डोक्यावर घेतला. शिट्ट्या काय, पडद्यासमोर नाच काय! टी-शर्टवर गोल-रेघ, मोबाईलच्या पाठीवर गोल-रेघ. ज्यांनी मूळ पुस्तक वाचलं होतं ते मात्र भडकले होते. पुस्तकात म्हणे शेवटी कुणीच खूण काढत नाही, शेवटच्या पानावर नुसती रिकामी दारं आहेत. सिनेमावाल्यांनी टाळ्यांसाठी गोड शेवट चिकटवला, असं त्यांचं म्हणणं. यावरून एका कँटीनमध्ये हातघाई झाली आणि ती मिटवायला आमचा माणूस गेला. आमच्या हेड कॉन्स्टेबलला सिनेमा अजिबात आवडला नव्हता. "सर, ते गाडीवाले म्हणजे आम्हीच की. दुसरं कोण?" असं म्हणून तो दिवसभर फुगून बसला होता.

थिएटरचा मॅनेजर बंदोबस्त मागायला आला तेव्हा त्याची कुरकूर निराळीच होती. "पोरं दंगा करून जातात तरी, सर. दुपारच्या खेळाला काही वयस्क मंडळी येतात. दिवे लागले तरी ती खुर्चीतनं उठतच नाहीत. झाडूवाला समोर उभारतो, तरी बसून राहतात." मी हसलो आणि विसरून गेलो.

मग फोन आला. फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "साहेब, उणकलला दारांवर खुणा पडायला लागल्यात. बघून घ्या, एकटी माणसं राहतात तीच घरं आहेत." संध्याकाळी त्या वस्तीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष चार शेजारी घेऊन ठाण्यात हजर झाले. निवृत्त अधिकारी, कडक इस्त्री, आवाजही इस्त्री केलेला. म्हणाले, "उद्या एखाद्या म्हातारीचा गळा कापला तर जबाबदार कोण?"

चेष्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती. मी स्वतः फिरून आलो. खूण होती त्या प्रत्येक घरात खरोखरच एकेकटं माणूस राहत होतं. कुणाचा मुलगा बंगळूरला, कुणाची मुलगी परदेशात, कुणाला मागंपुढं कुणीच नाही. घरफोडी करणारा आधी हेच हेरतो. सिनेमाच्या गर्दीत आपली खूणही खपून जाईल, असा विचार करणारा डोकेबाज चोर मी नोकरीत पाहिलेला होता. मी बीटवरच्या पोलिसाला हुकूम दिला: खूण असलेल्या प्रत्येक घरी रोज जायचं, बेल वाजवायची, माणूस डोळ्यांनी बघायचं, दोन शब्द बोलायचे, मगच पुढं सरकायचं. आमचा हा बीटवाला तोंडाचा गोड होता. दार उघडलं की पहिला प्रश्न, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का, हे विचारल्याशिवाय आमच्याकडे बोलणं सुरू होत नाही.

गस्त वाढली की असले प्रकार थांबतात, हा माझा अनुभव. इथे उलट झालं. गस्त सुरू झाली आणि खुणा वाढल्या. पावसाची सर येऊन एका दारावरची खूण धुऊन गेली, तर दुसऱ्या दिवशी तिथेच ती ताजी! अध्यक्ष रोज फोन करू लागले, वरूनही विचारणा सुरू झाली.

अशात एक मुलगी सापडली. थिएटरजवळच्या एका दुकानाच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा गोल रंगवताना दुकानदारानं तिला पकडून दिलं. धारवाडला चित्रकला शिकणारी, मूळची अळणावरची, आणि राहायला उणकललाच भाड्याच्या खोलीत. सगळं इतकं नीट जुळत होतं की अध्यक्ष म्हणाले, "झालं की मग. गुन्हा दाखल करा."

महिला उपनिरीक्षकांना शेजारी बसवून मी चौकशीला सुरुवात केली. आरोपी खोटं बोलतो तेव्हा फार व्यवस्थित बोलतो. ही मुलगी अडखळत होती, रडत होती आणि मधेच भांडतही होती.

"भिंत मी रंगवली, सर. दंड भरतो मी. दारं माझी नव्हेत."

"उणकललाच राहतेस ना?"

"राहतो. पण दारावर कसं काढीन मी? दुसऱ्याच्या दारावर काढणं म्हणजे त्या गाडीचं काम. शेवटी लोक आपापल्या दारावर काढतात, सर. तुम्ही सिनेमा बघितलाय काय?"

मी बघितला नव्हता. ज्या सिनेमावरून एका मुलीवर गुन्हा दाखल करायला निघालो होतो, तो मी पाहिलेला नाही, हे तिनं सहज दाखवून दिलं. बाहेर बाकावर तिचे वडील बसले होते. लाकडाच्या वखारीत काम करणारा माणूस, सदऱ्यावर अजून भुसा. ते एवढंच म्हणाले, "साहेब, घरफोडीच्या केसात नाव आलं तर कॉलेजातनं काढतील. आमच्या घरात शिकलेली ही पहिलीच." मी तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर राहायला सांगून सोडलं आणि गुन्हा नोंदवायचं तेवढं थांबवलं. अध्यक्षांनी ते वरपर्यंत कळवलं.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत दुपारच्या खेळाला जाऊन बसलो. बायको गेल्यानंतर मी थिएटरात पाऊल ठेवलं नव्हतं. तिकीट मागताना सवयीनं "दोन" म्हणालो आणि मग दुरुस्त केलं. सिनेमा मला फारसा कळला नाही. रिकाम्या घरात टेबलावर ताट तसंच राहिलेलं दाखवतात, तेवढं मात्र कळलं. शेवटी पोरांनी थिएटर दणाणून सोडलं आणि ती हुर्रे करत निघून गेली. दिवे लागले. मॅनेजर सांगत होता तशी काही डोकी जागच्या जागी होती, सगळी पिकलेली. एकमेकांपासून दोन-दोन खुर्च्या सोडून बसलेली. मीही उठलो नव्हतो, हे मला झाडूवाला समोर येऊन उभा राहिला तेव्हा कळलं. दाराकडे जाणाऱ्या एका बाईंना मी ओळखलं. उणकलला मी फिरलो तेव्हा पहिली खूण त्यांच्याच दारावर पाहिली होती.

ठाण्यात येऊन मी सगळे अर्ज पुन्हा वाचायला घेतले. अध्यक्षांचा अर्ज, डाव्या बाजूच्या शेजाऱ्यांचा, समोरच्या घराचा, वरच्या मजल्याचा. वाचता वाचता थांबलो. खूण असलेल्या एकाही घरातून तक्रार आलेली नव्हती. घाबरले होते ते सगळे शेजारी! ज्यांचा गळा कापला जाणार होता, त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

मी एकटाच त्या बाईंकडे गेलो. निवृत्त शिक्षिका, वस्तीत सगळे त्यांना अक्का म्हणत. बेल वाजताच दार उघडलं, जणू कडीला हात लावूनच उभ्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"आज तो येत नाही काय? तुमचा पोलीस?"

"येईल. आधी मी आलो. अक्का, ही खूण कुणी काढली?"

त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या, समोर बसल्या. मग म्हणाल्या, "शिकवायच्या वेळचे खडू आहेत की घरात. सिनेमा बघून आले आणि गंमत म्हणून काढली. देवाशपथ सांगते, नुसती गंमत. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. भिंतीला भिंत लागून घर, पण वर्षभर बोलणं नव्हतं. 'अक्का, हे काय हो?' म्हणून विचारली. बसली. चहा घेतली. मग तुमचा पोलीस यायला लागला. रोज येऊन ऊट आतेन्री म्हणून विचारतोय. त्याला खोटं कसं सांगायचं? म्हणून मी वेळेवर जेवायला लागले बघा."

"आणि बाकीची दारं?"

"तळ्याकाठी बाकावर बसतो आम्ही एकटी मंडळी. त्यांना सांगितले मी. प्रत्येकानं आपापलं काढलं. दुसऱ्याच्या दाराला कुणी हात लावला नाही."

मला खरं तर रागवायचं होतं. ठाण्याचा माणूस दिवसभर गुंतवून ठेवला होता या मंडळींनी. पण ते राहून गेलं. मी त्यांना त्या मुलीबद्दल सांगितलं. तिच्यावर घरफोडीच्या तयारीचा ठपका येतो आहे, आणि ती सुटायची तर कुणीतरी खरं सांगायला हवं. अक्का घाबरल्या. "गुपचूप नाही काय होणार, अण्णा? माझ्या मुलाला कळलं तर? आई तिकडं मजेत आहे म्हणून तो चारचौघांत सांगतोय."

"जबाब लागेल, अक्का. अध्यक्ष नुसत्या माझ्या शब्दावर ऐकायचे नाहीत." मी जबरदस्ती केली नाही, पण खोटा दिलासाही दिला नाही.

दिवेलागणीला ठाण्यात ती मुलगी, तिचे वडील आणि अध्यक्ष असे तिघंही बसलेले होते. अध्यक्ष आमच्या ढिलाईवर बोलत होते. दारात अक्का उभ्या राहिल्या. इस्त्रीची साडी, हातात पर्स, शाळेत तपासणीला निघाल्यासारख्या. त्या बसल्या नाहीत.

"खूण मी काढली. माझ्या दारावर, माझ्या हातानं. घरात एकटी आहे, कुणी येत नाही, म्हणून काढली. लिहून घ्या." मग अध्यक्षांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या गेटसमोरनं रोज जाते मी, राव. तुम्ही माझ्या दाराकडं पहिल्यांदा बघितलं ते खूण दिसली म्हणून."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुलगी उठली आणि अक्कांना स्वतःची खुर्ची दिली. तिच्या वडिलांनी हात जोडले ते खाली घेतलेच नाहीत. माझ्या हेड कॉन्स्टेबलनं, ज्याला तो सिनेमा आमच्याविरुद्ध वाटत होता, न सांगता चहा मागवला.

स्वतःच्या दारावर गोल काढणं हा कोणत्याही कायद्यानं गुन्हा नाही. मुलीनं दुकानाची भिंत पांढरी करून दिली, तिचं कॉलेज सुटलं नाही. प्रकरण निकाली निघालं.

निकाली निघालं म्हणजे काय, ते पुढे कळलं. धोका नाही म्हटल्यावर गस्तही संपली. वरून विचारलं, माणूस तिथे कशासाठी अडकवलाय? जेवलात का हे विचारण्यासाठी पोलीस पाठवण्याची तरतूद कुठल्याही नियमात नाही. बीटवाला आपल्या मनानं काही दिवस जात राहिला, मग त्याची बदली झाली. ती मुलगी मात्र अक्कांकडे जात राहिली, असं ऐकलं. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

या प्रकरणानं मला शिकवलं ते पोलिसी कामाच्या अगदी उलट आहे. आम्ही आयुष्यभर तक्रारीच्या मागे धावतो. अर्ज आला तर तपास, फोन आला तर गाडी. जो ओरडतो त्याच्याकडे जातो. पण एकटं माणूस तक्रार करत नाही. त्याला लाज वाटते. आपण कुणाला नकोसे झालोय हे चारचौघांत सांगण्यापेक्षा ते चोराची भीती पत्करतं. हे मला नोकरीच्या शेवटी कळलं, आणि त्याचा उपयोग करायला ठाणं उरलं नाही.

आता मी धारवाडात राहतो. मुलगा पुण्याला, त्याचं चांगलं चाललं आहे. रविवारी फोन येतो. सकाळी फिरून येतो, पेपर वाचतो, दुपारी जेवलो की नाही हे कधीकधी संध्याकाळी आठवावं लागतं.

परवा बेल वाजली. दारात बीटवरची महिला कॉन्स्टेबल, नव्यानं भरती झालेली असावी. मी कोण हे तिला ठाऊक होतं, तिनं सॅल्यूट केला. मग जरा संकोचून म्हणाली, "सर, समोरच्या घरातनं फोन आला होता. तुमच्या दारावर कुणीतरी खडूनं खूण केलीय म्हणून. गोल आणि मधे रेघ. तुम्ही तक्रार दिली नाही?"

"नाही," मी म्हणालो. "माझी काही तक्रार नाही. आत या, चहा ठेवतो."