बॅटरीतलं गंगाजल

इन्व्हर्टरमध्ये पाणी भरायला आलेल्या माणसाने परवा बॅटरीची झाकणं काढली आणि त्या आंबूस वासाने मला कितीतरी वर्षं मागे, पैनगंगेच्या घाटावर नेलं. पोत्यांचं शीड लावून माणसं पलीकडे नेणाऱ्या नावेवर माझ्या मास्तर भावाने पत्र्याचा पंखा बसवला होता. वाऱ्याने तो फिरला की सायकलचा डायनामो फिरे, आणि दिवसभराची वीज एका जुन्या बॅटरीत साठून सांजच्या खेपेला दिवा लागे. नावाडी हसे, "मास्तर, आता वाऱ्याचंबी बिल येऊन राह्यलं का?" भावाचा सगळा जीव त्या दिव्यात होता. एकदा बॅटरीतलं पाणी उतरलं. "शुद्धच पानी लागते, मी आदिलाबादेहून आनतो," असं सांगून तो शाळेत गेला. सांजची खेप अंधारात जाऊ नये म्हणून आईने देवघरातला काशीचा सीलबंद गडू फोडला, स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी जपलेला. "याच्याहून शुद्ध कोनतं हाय वं?" मी विज्ञान शिकलेली, नदीच्या पाण्यातल्या क्षारांनी बॅटरी मरते हे ठाऊक असलेली, तरी तिच्या चेहऱ्याकडे पाहून मीच ते बॅटरीत ओतलं. पंधरा दिवसांत दिवा विझला. भाऊ बॅटरी उघडून बसला असताना आईने कौतुकाने गंगेचं सांगितलं. तो झाकणं परत लावत म्हणाला, "म्हनूनच इतके दिवस चालली, माय." दुसरी बॅटरी त्याला कधी जमली नाही, पंखा नावेवर नुसताच फिरत राहिला. भाऊ जाऊन आज महिना झाला. सगळं ठाऊक असून ते पाणी मी ओतलं होतं, एवढं त्याला सांगायचं राहूनच गेलं.