पदर डोक्यावर, आवाज मोकळा

महिन्यापूर्वी मानवतच्या बसस्थानकावर उभी असताना आमच्या गावाहून, झरीहून फोन आला. नर्मदाकाकू गेली. सकाळी चहा घेतला, जर्मनीतल्या लेकीशी, सुनीताशी, फोनवर हसून बोलली आणि बसल्या जागीच... रडू आलंच, पण बसमध्ये जे जे आठवत गेलं, ते सगळं हसवणारंच.

आमचं घर एकत्र. फोनवर सुनीता तिकडून बर्फ दाखवायची, काकू इकडून तुरीच्या शेंगा. एकदा सुनीतानं सांगितलं, की तिथल्या गावसभेत ती रस्त्याबद्दल बोलली आणि लोकांनी शांतपणे ऐकलं. संध्याकाळी काकू मला म्हणाली, "परक्या मुलखात माझी लेक बोलायली, अन् मी माझ्याच गावात मुकी?"

त्याच सुमारास एका परदेशी कंपनीला गोदामासाठी आमचं बाजाराचं मैदान हवं होतं. ग्रामसभेत ठराव होणार, हे सगळे धरूनच चालले होते. बायका नेहमीप्रमाणे बाहेर ओट्यावर. आत माझे वडील, तात्या, म्हणजे काकूचे थोरले दीर. त्यांच्यासमोर तिनं चाळीस वर्षांत शब्द काढला नव्हता. ती उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली. कुणीतरी म्हणालं, "मोठी माणसं बसलीत, जरा रीत पाळा."

"पदर डोक्यावर हाय की. तोंडावर घ्यायला कुणी सांगितलंय?" काकू म्हणाली. "कंपनी येऊ द्या, आमची ना न्हाई. पण बाजार उठला तर आमी भाजी कुठं विकायची? माळावरची पडीक जागा द्या. अन् हात मोजायचे तर आमचेबी मोजा."

ओट्यावरच्या बायका एकेक करून आत आल्या. मैदान वाचलं. गोदाम माळावर झालं, आणि उद्घाटनाला नवी साडी नेसून सगळ्यांच्या आधी काकूच हजर!

तात्या मात्र आठवडाभर बोलले नाहीत. आम्ही धास्तावलो. मग एकदा जेवताना आईला म्हणाले, "धाकटीला सांग, पुढच्या सभेला जरा मोठ्यानं बोल म्हणावं. मला मागं नीट ऐकू आलं न्हाई." चुलीपाशी काकू इतकी हसली, की तव्यावरची भाकरी करपली.

तेव्हापासून दर सभेच्या सकाळी काकू गल्लीतली दारं वाजवत फिरायची. गेल्या आठवड्यात तिच्याविना पहिली ग्रामसभा होती. सकाळी ऐंशी पार केलेले तात्या काठी टेकत निघाले. पहिल्या दारावर त्यांनी काठीच दोनदा वाजवली. थांबले. घसा खाकरला... आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "चला गं बायांनो, सभा हाय."