जोडीवाले काका

काका इंदूरच्या मिलमधून सुटले की त्यांच्या भुवयांवर कापसाची बारीक धूळ बसलेली असे. संध्याकाळच्या उन्हात ते चाळीच्या तोंडाशी दिसले, की एखाद्या ढगातून चालत आल्यासारखे वाटत. अजूनही मला ते तसेच आठवतात. पाय जमिनीवर, चेहरा थोडा धूसर.

ते विणाईखात्यात दोन साचे चालवत आणि उरलेल्या वेळात युनियनचे काम करत. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झाले, फाटकावर नवे झेंडे आले, सभा वाढल्या, पण काकांचे भाषण एकच राहिले. "दोन हात, दोन साचे. देवाने हिसाबसे दिलंय, भिया." म्हणून ते जोडीवाले काका. साचा म्हणजे कापड विणायचे यंत्र, हे आमच्या चाळीत कुणाला समजावून सांगावे लागत नसे. त्याचा खडखडाट भिंतींतून आमच्या झोपेतही येई.

खात्यात एक रीत होती. कुणाला जरा बाहेर जायचे असले, की शेजाऱ्याने त्याचे साचे सांभाळायचे. त्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, नुसती डोळ्यांनी खूण करायची. उपकार वगैरे मानायचे नाहीत. माझ्या बाबांचे साचे काकांच्या शेजारीच होते.

मला कॉलेजात नाव घालायचे होते, तेव्हा सहीसाठी बाबांना यावे लागणार होते. घरात कुणी कॉलेज पाहिलेले नव्हते. बाबा रजा मागायला घाबरत होते. काका म्हणाले, "अरे जा ना यार! पोरगी कॉलेजात चालली, आणि तू इथं तुटलेले धागे जोडत बसणार? मैं देख लूँगा." आम्ही दुपार उलटेपर्यंत रांगेत उभे होतो. काकांनी पूर्ण पाळीभर चार साचे चालवले. संध्याकाळी त्यांनी एवढेच विचारले, "पंखे आहेत का गं तिथं?"

त्या दिवशी खात्यात एक साहेब घड्याळ घेऊन उभे होते, हे आम्हाला नंतर कळले. काही महिन्यांनी फाटकावर नोटीस लागली. यापुढे एका माणसाने चार साचे चालवायचे, उरलेल्यांनी घरी जायचे. युनियन बोलणी करायला गेली, तेव्हा साहेबांनी टेबलावर एक कागद ठेवला. काकांचे नाव, चार साचे, पूर्ण पाळी, कापडात दोष नाही.

युनियनच्या सेक्रेटरींनी काकांना बजावले होते, कागद खोटा आहे म्हणून सांगा. फाटकावरच्या सभेत काका उभे राहिले, तोच मागून कुणी ओरडले, "काकाजी, दो हाथ का भाषण अब किसको सुनाओगे?" हशा झाला. मी बायकांच्या घोळक्यात खाली मान घालून उभी होते.

"कागद खरा आहे," काका म्हणाले. "शेजाऱ्यासाठी एक दिवस चार चालवले. दुसऱ्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. साहेबांनी पहिला दिवस लिहिला, भिया. दूसरा लिखा ही नहीं."

हसणे थांबले, पण नोटीस तशीच राहिली. बाबा खात्यात नवे, त्यांचे नाव घरी पाठवायच्यांच्या यादीत आले. आता ते जुन्या इंदुरात एका दुकानात कापडाची ठाणे उचलतात. काकांना चार साचे देऊ केले होते. त्यांनी मिलचा बिल्ला परत केला आणि मुलीकडे देवासला निघाले.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या दाराशी गेले. कॉलेज सोडून कुठे काम बघते, म्हटले. "हे सगळं माझ्यामुळे..." मी म्हणाले.

वळकटीची दोरी आवळता आवळता ते म्हणाले, "तुझ्यामुळे कशाला? रीत होती ती. पण एक सुन, बेटा. तुझं नाव लागलं, तो दिवस सगळ्यांना बहुत महाग पडलाय. तो वाया घालवू नको."

मी कॉलेज सोडले नाही. वर्गात शेजारची मुलगी आली नाही, की तिच्यासाठीही मी टिपण उतरवून ठेवते. कधी कधी मध्येच हात थबकतो. कुणीतरी घड्याळ घेऊन बघत आहे, असे वाटते. मग पुढची ओळ लिहिते.