दाजींची जुनी खिडकी

शब्दाला जागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण यंत्राला दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. आमचे दाजी. टॉवेलच्या मागांवर नक्षी उठवणारे कंट्रोलर बनवायचं आमचं छोटंसं युनिट आहे. त्या कंट्रोलरचं कर्नेल, म्हणजे आतला मूळ कारभारी, दाजी सांभाळायचे. वरच्या प्रोग्रामला काही हवं असलं की त्यानं या कारभाऱ्याच्या नंबर घातलेल्या खिडकीवर जाऊन मागायचं. त्या खिडकीला म्हणतात सिस्टिम कॉल. दाजींनी पोटच्या लेकीपेक्षा या खिडक्यांवर जास्त जीव लावला, असं ताई आजही त्यांच्या तोंडावर सांगते.

नवी खिडकी मागितली की दाजी आठ-आठ दिवस उत्तर द्यायचे नाहीत. मग म्हणायचे, "उघडायला काय, दोन तासांचं काम हाय. पण एकदा उघडली की जन्माची झाली. झेपंल का तुमाला?" घरीही तोच खाक्या. घराचं काम काढलं तेव्हा मिस्त्री मागचं दार बुजवायला लागला, तर हे दारातच खुर्ची टाकून बसले. का, तर भाजीवाल्या मावशी तिथून येतात! "अवं, मी येते की पुढनं," मावशी कळवळून म्हणाल्या. तरी दार राहिलंच.

माझा मात्र संताप व्हायचा. जुन्या खिडक्यांपायी कर्नेल बोजड झालं होतं. एकदा दाजी मंगळवेढ्याला लग्नाला गेलेले पाहून मी सगळ्यात जुनी खिडकी काढून टाकली. कोण वापरतंय आता! नवं व्हर्जन गिऱ्हाइकांकडं गेलं, आणि एका म्हाताऱ्या यंत्रमागवाल्यांचे दोन्ही माग बंद पडले. त्यांचा प्रोग्राम त्यांच्या मुलानं लिहिलेला, त्याच जुन्या खिडकीवर चालणारा. मुलगा अपघातात गेला. त्यानं काढलेली नक्षी तेवढी मागावर उरलेली. म्हातारे युनिटच्या दारात येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. "त्याचा मोर उमटत नाही हो टॉवेलवर," एवढंच म्हणाले.

दाजी मिळेल त्या एसटीनं परतले. खिडकी पुन्हा बसवली, म्हाताऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन माग चालू करून दिले. आता आपली खैर नाही, असं मला वाटलं. ते म्हणाले, "पाव्हणं, कुणी वापरत न्हाय म्हणायच्या आदी एकदा जाऊन बघावं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या महिन्यात ते म्हातारेही गेले. माग भंगारात निघाले. दाजी आता रिटायर होऊन पुण्याला लेकीकडं असतात. मी त्यांना फोन केला. म्हटलं, "दाजी, आता खरंच कुणी नाही. शेडवर जाऊन आलो. काढू का?"

शेडवर कधी गेलो, कुणाला विचारलं, सगळं त्यांनी खोदून विचारलं.

"काढा," ते म्हणाले. "पण त्यो नंबर दुसऱ्या कुठल्या खिडकीला देऊ नगा."

मी काढली. त्या नंबरावर आता काहीच नाही. कुणी चुकून आलंच, तर ही सोय आता नाही, असं सांगणारी एक ओळ ठेवली आहे. ती लिहिताना दाजी शेजारी हवे होते.